पिऊ नये असं पाणी

आमच्या गावाबाहेर, देबेदच्या घळीकडे उतरताना,
झऱ्याच्या डोक्याशी एक दगड आहे.
त्यावर डांबराने तीन शब्द :
पाणी पिऊ नये.

व्हार्तुही बाईंनी चौथीच्या वर्गाला
पुस्तकं मिटायला लावली आणि तिथं नेलं.
आक्रोडाच्या सालींनी आमचे हात काळे झालेले,
म्हणजे ऑक्टोबर असणार.

वाचा, म्हणाल्या.
आम्ही वाचलं, एका सुरात, हेल काढून.
झालं वाचून?
झालं.
नाही झालं. अर्थ काय, शेळीलाही कळेल.
लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते सांगा.

(शेळीला कळला नव्हता.
सेरोबची शेळी खुशाल झऱ्याला तोंड लावून उभी होती.)

न्वार्दचे वडील दवाखान्यात. ती म्हणाली,
साथ पसरू नये म्हणून.
सेरोब म्हणाला, खालच्या आळीतल्या मिहरानने लिहिलंय,
त्याच्या जर्दाळूंना पाणी कमी पडायचं.
इथं कुठंतरी पाणी मुरतंय, बाई.
मी म्हणालो, लिहिणारा सज्जन होता.
कशावरून?
अक्षर चांगलं आहे.

बाई हसल्या नाहीत.
नीट बघ, म्हणाल्या.
बघितलं तर अक्षर कसलं चांगलं,
शेवटचा शब्द घसरत खाली गेलेला,
डांबराचा ओघळ पार दगडाच्या पायापर्यंत.
घाई होती कुणाला तरी. रात्र असेल.
आणि लिपी आमची नव्हती,
शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकलो होतो ती.
आणि दगडाची पाठ गावाकडे.
वाचायला आम्ही सगळे वळसा घालून
रस्त्याच्या बाजूला येऊन उभे होतो,
जिथं गावातलं कुणी कधी उभं राहत नाही.

मग बाईंनी सांगितलं :
शोघाकात नावाची एक विधवा होती.
खिंडीतून फौज येते आहे, अशी वर्दी आली.
तहानलेली फौज पाण्याशी थांबते,
थांबली की कोठारं शोधते,
कोठारं रिकामी झाली की माणसं.
तिने गाडीच्या आसाचं डांबर खरवडलं.
फौजेने वाचलं, घोडे ओढत पुढे गेली.
पाणी गोड होतं. गाव ते रात्री भरायचं,
घागरींना चिंध्या गुंडाळून.

आम्ही गप्प. सेरोबने विचारलं,
आणि त्या घोड्यांचं काय झालं?
ते लिहिलेलं नाही, बाई म्हणाल्या.
मग थोड्या वेळाने :
ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली.
आता सांगा, मला काय हवं होतं?

कुणालाच सांगता आलं नाही.
बाई वाकल्या, ओंजळीने प्यायल्या,
बाहीने तोंड पुसलं.
मग आम्ही प्यायलो. न्वार्द प्यायली नाही.

आता मी येरेवानला औषधांच्या खोक्यांतले
कागद लिहितो, पाचदा घडी घातलेले, मुंगीएवढ्या अक्षरांत.
जेवणानंतर घ्यावे. वाहन चालवू नये.
अर्धी वाक्यं रोग्यासाठी असतात,
अर्धी आमच्या वकिलासाठी,
कुठलं वाक्य कुणाचं हे मला माहीत असतं
आणि कागदावर ते कुठंच दिसत नाही.
लिहिताना कधीतरी वाटतं,
कुणीतरी काळ्या हाताचं पोर
वळसा घालून येईल
आणि माझं पाणी जोखेल.

परवा गावी गेलो होतो.
बाई नाहीत आता. दगड आहे,
पण कुणीतरी तो फिरवून गावाकडे तोंड केलंय,
आणि तेच तीन शब्द, आमच्या लिपीत,
पांढऱ्या रंगाने, सरळ रेषेत, न घसरता.
गावच्या कचेरीला जुन्या चलाखीचं कौतुक असेल,
पाहुण्यांना दाखवायला.
किंवा वर डोंगरात, जिथं पूर्वी अंधार असायचा,
तिथं खाणीचे दिवे लागलेत, म्हणून असेल.
रंगाला बोट लावून बघितलं. सुकलेला होता.

शेळी कुठं दिसते का पाहिलं.
मग वाकून ओंजळ भरली
आणि तसाच उभा राहिलो,
पाणी बोटांतून गळत होतं,
मी दगडाकडे बघत होतो.