आठातून एक

विजेच्या बिलामागं तिनं लिहून ठेवलं होतं.
बिल दोन हजार चौदाचं, तीनशे बारा रुपये, भरलेलं.
"बाळंतकाढा. दशमुळं मूठभर. शतावरी मूठभर.
सुंठ करंगळीएवढी. बडीशेप चिमूट.
पिंपळ्या सात. थोरलीच्या वेळी अकरा पडल्या,
पोरगी रात्रभर घामानं भिजली.
आठ वाट्या पाणी, एक उरवायची."
बस्स. खाली रेघ नाही, गोळाबेरीज नाही.
उलट बाजूला आमचा ग्राहक क्रमांक.

एकतीस वर्षं मी सेलूत लाईनमन होतो.
कोणती तार जिवंत, कोणती मेलेली
हे खांबाखाली उभं राहून कळायचं मला, गुणगुणीवरून.
पण करंगळीएवढी म्हणजे कुणाच्या करंगळीएवढी
हे मोंढ्यापर्यंत चालत गेलो तरी सुचेना.

मुनाफ अत्तारच्या दुकानात भर दुपारी बल्ब लागतो.
(तो कनेक्शन मीच दिलेला.)
मुळ्या, साली, खोडं, वाळून काळी पडलेली फळं,
आणि वास असा की उंबऱ्यातच
माणसाचा आवाज आपसूक खाली येतो.
त्यानं कागद लांब धरून वाचला.
"मुठ्ठी किसकी, लाईनमन साब?"
मी हात पुढं केला.
भाजून चामट झालेला तळवा, पकडीची बोटं.
"ह्या मुठीनं म्हशीला पाजायचा का?" तो म्हणाला.
मग हसू आवरून,
"वहिनींची केवढी होती?"

चौतीस वर्षांचा संसार, आणि
मी पोत्यांकडं बघत राहिलो.
बांगडी सव्वादोनची, म्हणालो.
साबण लावून भरावी लागायची.
एवढंच येत होतं मला.

तो आत वळून ओरडला, "शिफा!"
नात आली. शाळेच्या ड्रेसमध्ये, बोटाला निळी शाई,
कसला तरी पाठ अर्धा तोंडात.
अत्तारनं तिचं मनगट धरून बघितलं, जसं वजन बघावं,
आणि पोतं उघडलं.
तिनं मूठ भरली. शतावरीची. दशमुळांची.
सुंठ तिच्या करंगळीला लावून मोडली.
पिंपळ्या तिनं मोठ्यानं मोजल्या, सातला थांबली,
आणि आठवी हातात घेऊन माझ्याकडं पाहिलं.
नको, म्हणालो. सातच.
पैसे घेताना अत्तारनं मुठीचे लावले नाहीत.

रात्री स्टोव्हवर पातेलं.
शेजारच्या द्वारकाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "झाकू नका, भाऊ.
काढ्याला मोकळं सोडावं लागतं."
सात वाट्या. सहा.
आतल्या खोलीत मंजुषाचं लेकरू रडायचं, थांबायचं.
पाच. बाजेखालच्या शेगडीचा ओवा तिकडून येत होता.
चारच्या पुढं पाणी दिसेनासं झालं,
तपकिरी, मग त्याहून गडद, कडेला फेस धरणारं.
मी पळ्यानं मोजत होतो. दोनवर डोळा लागला.

जाग आली ती करपल्या वासानं.
एक वाटीला थोडी कमीच.

"तळाला लागलाय, अण्णा," नाक दाबून मंजुषा म्हणाली.
"आईचाही लागायचा. ताईच्या वेळी मी ढवळत होते."
तिनं अर्धा पिला, शहारली, उरलेला गाळणीखाली धरून
माझ्यापुढं सरकवला.
"घ्या. थोडासा."

ह्या घरात तो ह्याच्या आधी चारदा उकळला.
दोनदा तिच्यासाठी, एकदा बहिणीसाठी, एकदा थोरलीसाठी.
मी दर वेळी ड्यूटीवर होतो, कुठल्या ना कुठल्या खांबावर,
आणि घरी आलो की म्हणायचो,
कसला वास सुटलाय हा.

कडू आहे.
मागून तिखट येतं, घशाच्या खाली,
आणि खूप उशिरानं, वाटी ठेवल्यावर,
काहीतरी गोड. शतावरी असेल.
अत्तारला विचारायला हवं.

लेकराला उचकी लागली होती.
मंजुषा म्हणाली, वाटी विसळू नका, उद्या हीच लागेल.