अधिक-उणे

शनिवारी रात्री नऊला, इंदिरानगरच्या बोगद्याजवळ
टायरच्या दुकानावरच्या खोलीत
आमचा सिनेमा लागतो.
पडदा म्हणजे गांगुर्डेसरांच्या घरची डबलबेडची चादर,
खालच्या काठाला विटकी गुलाबाची फुलं.
कुठल्याही ग्रहावर यान उतरलं
की ते आधी गुलाबांत उतरतं.

माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून सांगते.
दिवसा मी सातपूरला पार्ट मोजते,
व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज.
ही खोड चप्पल काढून ठेवावी तशी
दाराबाहेर ठेवता येत नाही.

एक तर, यानात फरशी कोण पुसतं?
दोनशे वर्षं चाललंय म्हणतात,
आणि तेलाचा एक डाग नाही,
नटाला गुंडाळलेली चिंधी नाही,
कुणाचा डबा सांडलेला नाही.
मी अशा कंपनीत एक दिवस काम करणार नाही,
तिथे काहीतरी लपवतायत.

आणि ते स्फोट.
माहेरी भगूरला, तोफांचा सराव असला
की ताटातली वाटी आपोआप सरकायची,
आई न बघताच ती परत जागेवर ठेवायची.
एवढी शहरं पडली पडद्यावर,
एक वाटी सरकली नाही.

परग्रहावरचे पाहुणे कायम मोठ्या शहरांत का जातात,
हेही मला कळत नाही.
एकलहऱ्याची धुराडी त्यांनी पाहिली नसतील?
रात्री वर लाल दिवे, खाली राखेचं तळं,
मध्ये कुणी नाही.
मला तर वाटतं येऊन गेलेत,
आवडलं नसेल.

दुसऱ्या शनिवारी
सिन्नरच्या कैवल्य सांगळेचा सिनेमा लागला.
पोरगा स्वतः मागे उभा, नखं खात.
काळात मागे जायचं यंत्र म्हणजे
द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचं दार,
आणि जाता येतं फक्त अकरा मिनिटं.
त्याचा माणूस राजेरजवाडे बघत नाही,
लॉटरीचा नंबर आणत नाही,
कुणाला वाचवत नाही.
भावाशी भांडण झालं,
त्याच्या आधीचा चहा
पुन्हा जाऊन पितो.
मग भांडण होतंच.
मग पुन्हा दार.

दिवे लागल्यावर कुणीतरी म्हणालं, गती नाही.
गती!
माझ्या मशीनवर एका पार्टला चार मिनिटं चाळीस सेकंद लागतात,
काचेआड दुधासारखं कूलंट उडत असतं,
टूल येतं, जातं,
मी सतरा वर्षं तेच बघतेय
आणि अजून डोळा लागलेला नाही.
संथ असतं ते बघणाऱ्याचं बूड.
हे मी मोठ्याने म्हणाले बहुतेक,
कारण सगळे गप्प झाले.

पोराने विचारलं, ताई, तुम्हाला काय खटकलं?
म्हटलं, पहिल्या दोन खेपांना कप उजव्या हातात होता,
तिसऱ्या खेपेला डाव्या.
त्याचा चेहरा पडला.
म्हणाला, चूक झाली, परत शूट करायला पैसे नव्हते.
म्हटलं, हात लावू नकोस त्याला.
तेवढ्या एका जागी मला पटलं
की हा माणूस खरंच मागे जाऊन आलाय.
सारखाच चहा तीनदा पिणारा
तिसऱ्यांदा तोच कसा राहील?

लोक तारे देतात, साडेतीन, चार.
मी टॉलरन्स देते.
अधिक-उणे किती चालेल,
किती चुकलं तरी वस्तू बसेल आपल्या जागी.
कैवल्यला मी एक अख्खा हात दिला.

घरी जाताना बोगद्यात गाडी बंद पडली.
अकरा मिनिटं किका मारल्या.
भावाचा नंबर अजून पाठ आहे,
हे त्या अंधारात लक्षात आलं.
लावला नाही.

सोमवारी पहिल्याच शिफ्टला
एक बुश दोन शतांशाने जास्त निघाला.
हात जरा थांबला लाल ट्रेच्या वर.
मग टाकलाच ट्रेमध्ये.
सिनेमा वेगळा.