अंगी लागत नाही

महिन्याला एकदा ट्रक येतो, तिंदूफकडून,
आणि आमच्या गल्लीतल्या अडतीस तंबूंचं पीठ
मी मोजते.
मापावर वर एक मूठ.
नुएनाचा हात आखडता, असं कुणी म्हणू नये.

देइदा तेव्हा चार वर्षांचा.
पोट नगाऱ्यासारखं, पाय करडाचे.
खायचा, आणि रात्रीतून चारदा उठायचा,
मी मागून वाळू ओढायचे.
शेजारणी म्हणायच्या, दृष्ट.
मी म्हणायचे, खाल्लेलं अंगी लागत नाही याच्या,
आणि आणखी एक तुकडा द्यायचे
दुधात कुस्करून.

रक्ताची नळी बर्फाच्या डब्यातून गेली,
दोन महिन्यांनी कागद आला.
नर्स बुल्लाहीनं माझ्याच गालिच्यावर तळवा फिरवला,
लव उभी केली.
"आतडं आतून असं असतं. ही लव जेवण धरून ठेवते."
मग हात ओढत नेला दाराशी,
जिथे पावलांनी झिजून नुसते दोरे उरलेत.
"याचं असं झालंय."

गव्हाने?
"गहू पोटात आला की
याच्याच अंगातले पहारेकरी
याच्याच घरावर गोळ्या झाडतात."

मी हसले.
तंबूत दुसरं कुणी हसलं नाही.

आता वेगळी चाळण, वेगळा तवा,
दोन्हीला निळा लोकरीचा धागा.
मक्याची भाकर हातातच फुटते.
लग्नाला जाताना त्याच्या खिशात खजूर.
पाहुण्याने घास नाकारला की यजमानाचं तोंड उतरतं;
सहा वर्षांच्या पोराने
किती तोंडं उतरवायची?

पण खांबावरची खूण यंदा चार बोटं वर गेली.
परवा त्याने मुलूदच्या शेळीला दगड मारला.
तक्रार आली, मी पूर्ण ऐकून घेतली,
पुन्हा सांगायला लावली.

जाता जाता बुल्लाहीनं माझी नखं पाहिली,
तोंडातले फोड पाहिले.
विचारलं, पोटातच किती गेली?
तीन, म्हटलं.
त्यानं गुपचूप दुसरी नळी काढली.

माझा कागद अजून यायचाय.

आज ट्रक आला.
मेल्हफा नाकावर घट्ट ओढून मी पोतं उसवलं,
कोपरापर्यंत पांढरी.
अडतीस तंबू, वर एक मूठ.
फक्त हल्ली माप भरण्याआधी
आईच्या मागे लपलेल्या पोरांचे
पाय बघते.