दिसलं का?

यंदाच्या मेळाव्यात जेवणाआधी वर्ग ठेवलेत.
सव्वाअकरा ते बारा, मग पुलाव आणि जिलबी.
फळ्यावर चिकटवलेल्या कागदावर नावं:
मोडी वाचन, मृत्युपत्र कसं करावं,
आकाशदर्शन (दिवसाच, पडद्यावर),
आणि खाली, पेनाने नंतर घुसवलेलं, सूक्ष्मदर्शक.

एक्याऐंशीची आमची बॅच बहुतेक मृत्युपत्राला गेली.
कर्णिक म्हणाला, हेमे, चल, तिथे एसी आहे.
मी जिना चढले. दोन मजले, मधे एकदा थांबून
खिडकीतून खाडी पाहिली.
कळव्याकडचे पूल मोजायला गेले आणि सोडून दिलं.

प्रयोगशाळेत वास तोच, फॉर्मलिनचा, ओल्या लाकडाचा.
स्टुलं तीच, उंच.
आता बसायचं तर आधी विचार करावा लागतो.
शिकवायला ऋजुता भोईर, असेल सव्वीसची.
काका नाही, मावशी नाही,
सरळ म्हणाली, "बसा. दोघांत एक कांदा."

कांदा चिरण्यात आम्ही बायका तिच्याहून पुढे.
पण पाकळीच्या आतला तो पातळ पापुद्रा सोलताना
कुंदा पालेकरचा हात थरथरला,
आणि फडके, ज्याने सोसायटीच्या सभेत
आजवर कुणाचं ऐकून घेतलं नाही,
"मॅडम, माझा फाटला," असं म्हणाला.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.

आता सांगायचं ते सांगते.
अठराव्या वर्षी याच टेबलाशी, खिडकीकडून तिसऱ्या,
सरांनी विचारलं होतं, "नाखवा, दिसलं का?"
मला माझ्याच पापण्या दिसत होत्या,
काळ्या, जाड, खाडीत रोवलेल्या खुंटांसारख्या.
मागे रांग होती.
चेंदणीच्या आमच्या आळीतून कॉलेजात आलेली मी पहिली,
फीच्या नोटांना आईच्या पाटीचा वास.
म्हणाले, "दिसलं, सर."
आणि पुस्तकातून विटांसारख्या पेशी उतरवल्या,
प्रत्येकीत एक ठिपका.
दहापैकी नऊ. शेरा: सुबक.

पुढे वागळे इस्टेटमधे, बल्बच्या कारखान्यात,
एकतीस वर्षं माझा शिक्का: तपासले.
फोरमन म्हणायचा, शेकड्यातले पाच बघ, पुरे.
मी शंभरच्या शंभर पेटवून बघायचे.
का, ते त्याला कधी सांगितलं नाही.
त्यातच डोळे गेले, असं मुलगा म्हणतो.
गेल्या दिवाळीनंतर दोन्हींत भिंगं बसवली.

तर भिंगातून भिंगात बघत होते मी.
"दिसलं का?" ऋजुताने विचारलं.
मागे रांग नव्हती.
"नाही," म्हटलं.
दोन अक्षरं फक्त.
सेहेचाळीस वर्षं कुठे अडकली होती कोण जाणे.

तिने माझ्या बोटांवर बोटं ठेवून चाक फिरवलं.
हळू. उलट. पुन्हा हळू.
धुकं. पापण्या. धुकं.
मग एक गोल, काळ्या कडेचा, लख्ख,
आत उजेड कोंडलेला, माझ्याच शिक्क्याचा बल्ब जसा.
"दिसलं! अगं दिसलं!"
साऱ्या टेबलांवरच्या माना वळल्या.
ऋजुता वाकली, बघितलं, ओठ दाबून हसली.
"मावशी, हा हवेचा बुडबुडा. पेशी त्याच्या पलीकडे."

खालून कर्णिकचा फोन: मृत्युपत्र संपलं,
जिलबी गार होतेय, ये.
मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.
दवाखान्याच्या फायलीतला एक पाठकोरा कागद काढला,
वर लिहिलं, निरीक्षण,
आणि खाली तो बुडबुडा काढला.
सुबक नाही आला.
एका बाजूची कड जरा जाड झाली.
पण होतीच ती तशी.

मग चाक पुन्हा हातात घेतलं.