नऊ टक्के

धुळं सोडलं तेव्हा चौतीस.
मुकटीच्या पुढे मैथिलीने एसी बंद केला,
काचा खाली घेतल्या,
आणि मे महिना आत येऊन
थेट मांडीवर बसला.

नकाशावर हिरवे ठिपके तीन.
पहिला एका हॉटेलामागे:
खांब उभा, पडद्यावर कोळ्याचं जाळं.
वेटर म्हणाला, उद्घाटनाला फीत कापली ना साहेब,
त्या दिवशी चालू होतं.

दुसऱ्याला ॲप लागतं, ॲपला ओटीपी,
ओटीपीला रेंज,
आणि रेंज शंभर पावलं मागे, बाभळीखाली.
मी बाभळीखालून आकडे ओरडतो,
ती खांबापाशी दाबते,
मधला एक आकडा दर वेळी वारा नेतो.

तिसरा ठिपका शेतात निघाला.
म्हणजे खरंच शेतात.
नांगरून टाकलेलं काळं रान,
कडेला एक टिटवी, आमच्यावर चिडलेली.

नऊ टक्के.
रावेरहून रिकामा परतणारा ट्रक समोरून गेला,
केळीच्या वाळक्या पानांचा चुरा
काचेवर, केसांत, तोंडात.
मी चाळीसच्या वेगाने, श्वास जपून चालवतोय,
जणू श्वासालाही युनिट लागतात.
मैथिली टक्के वाचायची थांबली.
मला वाटलं, हे जास्त वाईट.

एरंडोलच्या अलीकडे, फाट्यावरून आत,
शाळेच्या भिंतीला लागून एक पत्र्याचं शेड.
आत निळा उजेड फुटत होता.
जिथे वेल्डिंग, तिथे वीज,
इतकं गणित मला अजून येतं.

सुपडू मिस्तरीने काच खाली केली, डोळ्यांवरची.
गाडीभोवती एक फेरी मारली,
बैल बघतात तशी, पण दात न उघडता.
‘कितलं खास ही?’
मी म्हणालो, तासाला तीन युनिट, जरा वर.
त्याने शेडकडे पाहिलं, मग अर्धवट फाटकाकडे,
एक बिजागरी लागलेली, दुसरी जमिनीवर.
दोन्ही एकदम चालायचं नाही, फ्यूज उडेल.
‘लाइट चार लगून शे,’ म्हणाला,
आणि आपल्या मशीनची पिन काढून
माझ्यासाठी भोक मोकळं केलं.

मीटरचा आकडा त्याने खडूने शटरवर लिहिला.
४४१७.
तेवढ्यात फाटकाचा मालक आला,
मोटारसायकल चालूच ठेवून म्हणाला, संध्याकाळी पाहुणे आहेत,
फाटक?
सुपडू म्हणाला, पाहुणे काय फाटकातूनच येतात का?

साडेचार तास.
मैथिली शाळेच्या ओट्यावर झोपली,
तोंडावर ओढणी, पाय उन्हाच्या रेषेबाहेर.
मी आणि सुपडू बोललो फार थोडं.
त्याने सांगितलं, पोरगा पुण्याला बॅटऱ्यांच्या कारखान्यात आहे,
काय करतो ते नीट समजत नाही,
फोनवर म्हणतो, तपासतो.
सुपडूने डॅशबोर्डवर हात ठेवला. गरम नाही लागली.
‘हाई पन त्यानीच तपासेल व्हई,’ म्हणाला,
आणि हात बराच वेळ तिथेच राहिला.

चारला दहा मिनिटं कमी असताना वीज गेली.
पंखा थांबला तेव्हा कळलं
की इतका वेळ पंखा चालू होता.

४४३१. चौदा युनिट.
त्याने चौदाचेच पैसे घेतले, पाटीवर गुणाकार करून,
तीन रुपये परत दिले.
खिसा चाचपून शोधून दिले.
फाटकाचं विचारलं तर म्हणाला,
रात्री लाइट येते दहाला.

एकावन्न टक्के.
मैथिलीने नकाशा उघडला,
हिरव्या ठिपक्यांकडे बघून पुन्हा मिटला.
मग हातपेटीतून पेट्रोलची जुनी पावती काढली,
आधीच्या गाडीची, का जपली होती कोण जाणे,
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
शाळेजवळ. पत्र्याचं शेड. सुपडू.
चारच्या आत.

जळगाव येईपर्यंत मला
त्या दुसऱ्या बिजागरीचंच येत होतं मनात.