दिवेलागणीच्या आधी

नोव्हेंबरात बॉर्नहोल्म बेटावर
चार वाजायच्या आतच उजेड आवराआवर करू लागतो.
म्हणून मी तीनला गेले:
वही, मोजपट्टी, आणि पिशवीत
भाजलेल्या मातीचे चार तुकडे.

म्हटलं, आज दिवे लावू नका.
घर अंधारात कसं कसं शिरतं
ते आधी बघू दे.

रागन्हिल हसली. ‘म्हणजे न लावलेल्या दिव्यांचेही पैसे?’
प्रेबेन पावाला लोणी लावत राहिला,
कडेपर्यंत, नीट, गॅस्केट बसवावं तसं.
तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनावर होता तो.

त्यांचं भांडण मला फोनवरच कळलेलं.
तिला मंद उजेड हवा;
ऑपरेशनपासून छताची ट्यूब
डोळ्यांत सुईसारखी शिरते.
त्याला हवा लख्ख, इंजिनघरासारखा,
आणि का, ते तो सांगत नाही.

मी घरभर हिंडले. वहीत लिहिलं:
जिन्याची तिसरी पायरी बोटभर उंच आहे.
ती विणते त्या खुर्चीला डावा उजेड.
न्हाणीत आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक,
म्हणजे दाढी करताना अर्धा गाल हरवणार नाही.
आणि पानाच्या वर, सगळ्यांसाठी:
एक दिवा बोलत असेल तेव्हा
बाकीच्यांनी हुंकार द्यायचा.

मग आम्ही तिघं टेबलाशी बसलो.
बाहेर समुद्र आधी शिशाचा झाला, मग नुसता आवाज.
रागन्हिल बहिणीच्या घराबद्दल बोलत होती,
गळक्या छपराबद्दल, मांजराबद्दल.
प्रेबेन जागच्या जागी हो म्हणत होता, नाही म्हणत होता,
एकदा तर हसलाही.

खिडकीतून तिच्या चेहऱ्यावर येणारं ते राखाडी
हळूहळू ओसरलं.
‘आणखी कॉफी?’ तिनं विचारलं.
‘मंगळवारी,’ तो म्हणाला.

ती माझ्याकडे वळली, हलक्या आवाजात:
‘हल्ली संध्याकाळ झाली की हा असा.
घुम्यासारखा बसतो. कंटाळलाय मला.’

तो तिच्या ओठांकडे बघत होता.
जिथं ओठ असायला हवेत, त्या काळोखाकडे.

मी काही बोलले नाही.
मोजपट्टी काढली.
टेबलापासून तिची हनुवटी किती वर,
त्याच्या डोळ्यांपासून तिचं तोंड किती दूर,
लिहून घेतलं, आणि म्हटलं,
‘दिवा खाली आणू. पांढरं टेबलक्लॉथ आहे ना घरात?’

पहिली छत्री चाकावरच बसली.
दुसरी वाळताना तडकली.
तिसरी मोठी घडवली, कारण भट्टी आठवा हिस्सा
आपल्या तोंडी घालतेच, मुरवत ठेवत नाही.
बाहेरून माती उघडी, राईच्या पावासारखी तपकिरी.
आतून दुधी झिलई.
कड तीन बोटं खाली ओढली,
बल्ब तिच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून.

फेब्रुवारीत टांगली.
बटण दाबलं तसा उजेड टेबलावर सांडला,
कापडावरून वर चढला,
तिच्या हनुवटीला लागला, ओठांना, नाकाच्या शेंड्याला.
तिथंच थांबला.

रागन्हिल काहीतरी पुटपुटली,
माझ्याविषयीच असावं, कारण डॅनिशमधला तो शब्द
पाहुण्यांसमोर वापरत नाहीत.
प्रेबेन वाक्य संपायच्या आत खदखदून हसला.

ती गप्प झाली.
वर छत्रीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे,
बराच वेळ, हिशोब जुळवत असल्यासारखं.

दारात कोट चढवताना तिनं विचारलं,
‘तुला कधी कळलं?’
‘मंगळवारी,’ मी म्हटलं.

न्हाणीतले दोन मात्र फसले.
झिलईत तांबं जास्त झालं; आरशात प्रेबेन
बोट लागल्यासारखा हिरवा दिसतो.
तो म्हणतो असू दे, तीस वर्षं दिसलोच तसा.
मी नाही ऐकलं.
नवी जोडी पाटावर वाळत ठेवली आहे,
ओल्या फडक्याखाली.