कुत्री चालतील

काल्डर नदी आमच्या कचेरीच्या मागून जाते.
खिडकी उघडली की तिचं बोलणं टेबलावर येतं,
आखूड, घोगरं, मुद्द्याचं.
हेब्डन ब्रिजमध्ये मी पुराच्या सूचना लिहिते.

पहिला मसुदा असा होता:
"संभाव्य जलपातळीवाढ लक्षात घेता
नागरिकांकडून योग्य ती खबरदारी घेतली जाणे अपेक्षित आहे."
लिहिला इंग्रजीत,
पण हाडं याच मराठीची.

मॉरीन ॲक्रॉइडनं चष्मा कपाळावर सरकवला.
एकतीस वर्षं ती त्या खुर्चीत,
पेन्सिल झिजून बोटाच्या पेराएवढी.
"घेतली जाणे? कोण घेणार?
आणि हे तू बसून लिहिलंयस.
वाचणारी बाई उभी आहे,
घोट्याइतक्या पाण्यात,
एका हातात मांजर, दुसऱ्यात टॉर्च."

मग तिनं दिवा मालवला
आणि मला उभं करून वाचायला लावलं, मोठ्यानं.
दुसऱ्या ओळीत श्वास संपला.
मुद्दा अजून यायचाच होता.

मला बाबा आठवले.
परभणीला पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळायचे.
सदरहू, उपरोक्त, करण्यात यावे.
शब्दांना कडक इस्त्री, कर्ता रजेवर.
धरण फुटलं असतं तरी त्यांनी लिहिलं असतं,
"पाणी बाहेर पडल्याचे निदर्शनास आले."
खोटेपणा नव्हता तो, भीती होती.
नाव लिहिणं म्हणजे बोट दाखवणं,
आणि बोट दाखवणाऱ्याची बदली किनवटला.

संध्याकाळी कालव्याच्या काठानं घरी जाताना
मी वाक्यं चालवून बघू लागले.
पुलाच्या चढावर जे दमेल ते मोडायचं.
फार आवडलेलं विशेषण बदकांपुढे टाकायचं,
त्यांनी तोंड फिरवलं तर आपणही.
'पाणी' हा शब्द मला असाच सापडला,
'जलपातळी'च्या खाली, कोरडा ठणठणीत.

फेब्रुवारीत नदी आली.
सूचना एवढीच होती:
"आता निघा. गॅस बंद करा. औषधं बरोबर घ्या.
शाळेचा हॉल उघडा आहे. कुत्री चालतील."

शेवटचं वाक्य मॉरीनचं. मला ते फालतू वाटलेलं.
नंतर उंबऱ्यावरचा चिखल खरवडता खरवडता
आयव्हर सटक्लिफ म्हणाला,
"बाकीचं ठाऊकच होतं गं.
कुत्र्यांचं वाचलं, म्हणून निघालो."
त्याची म्हातारी कुत्री त्याच्या बुटावर झोपली होती.

एका वरच्या गल्लीचं नाव मात्र सूचनेत नव्हतं.
कुणी दगावलं नाही. दोन घरांच्या तळमजल्यांचं नुकसान.
अहवालात मी लिहिलं, "नाव नमूद करणे राहून गेले."
पेन्सिल मॉरीनच्या हातात होती. तिनं ती उचललीही नाही.
मीच खोडलं.
"नाव लिहायला मी विसरले."
चारच शब्द,
दुपार गेली त्यांत.

त्या रात्री बाबांना पत्र लिहायला बसले.
ऑपरेशनचं भावाकडून कळलेलं;
त्यांच्या पत्रात फक्त "प्रकृती यथातथा".
चार पानं झाली: थंडी, पाउंडाचा भाव, शेजारणीचे गुलाब.
तीन फाडली. चौथ्यावर उरलं,
"बाबा, ऑपरेशनचं मला कळलंय.
भीती वाटते. मी येऊ का?"

अठरा दिवसांनी उत्तर आलं.
वर दिनांक. जावक क्रमांक (हो, घरच्या पत्रालाही).
"आपले दि. १९ चे पत्र प्राप्त झाले.
त्यातील 'कळलंय' हे 'कळले आहे' असे वाचण्यात आले."

खाली बरीच जागा सोडलेली,
जणू तिथे काहीतरी लिहून, फाडून,
पुन्हा कोरा कागद घेतला होता.
आणि तळाशी, हललेल्या अक्षरात,
सहीच्याही आधी:

ये.